खिशातील स्वस्त टॉर्चची बॅटरी: किती चालते ते मोजण्याची आणि ती पूर्ण चालवण्याची क्रमवार पद्धत

शंभर-दोनशे रुपयांची खिशातील टॉर्च अर्ध्या तासात मंदावली की बहुतेक जण सेल वाईट होते असे म्हणतात किंवा टॉर्चच वाईट आहे असे म्हणतात, आणि त्यापैकी एक वस्तू बदलून मोकळे होतात. प्रत्यक्षात अशा टॉर्चमध्ये दोष पुष्कळदा सेल आणि दिवा यांच्यामधल्या मार्गात असतो: स्प्रिंगवर चढलेला थर, सैल झालेली मागच्या बटणाची कडी, तीन सेलपैकी एकच थकलेला सेल. तो मार्ग न तपासता नवे सेल घातले, तर तेही तितक्याच लवकर मंदावतात आणि गैरसमज पक्का होतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. आधी ओळख, मग सफाई, मग सेल, मग विद्युतप्रवाह आणि शेवटी प्रत्यक्ष चालण्याचा वेळ, हा क्रम बदलला तर शेवटी हाती आलेला आकडा नेमका कशाचा आहे हे सांगता येत नाही.

टप्पा १: आपली टॉर्च कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

ठाणे स्टेशनच्या बाहेर, वाशीच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त टॉर्च साधारणपणे चार प्रकारांत मोडतात.

पहिल्या प्रकारात तीन बारीक पेन्सिल सेल, म्हणजे ट्रिपल-ए, एका प्लास्टिकच्या गोल साच्यात बसतात. हे तिन्ही सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने एकूण ४.५ व्होल्ट मिळतात आणि ते बहुधा थेट, फार तर एका रेझिस्टरमधून (प्रवाह रोखणाऱ्या छोट्या भागातून), दिव्यांपर्यंत जातात. मध्ये नियंत्रण करणारे काही नसल्यामुळे सेल उतरत जाईल तसा प्रकाशही उतरत जातो. दुसऱ्या प्रकारात एकच जाड पेन्सिल सेल, म्हणजे डबल-ए, असतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि हा सेल दीडच व्होल्ट देतो, त्यामुळे आत व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट असते. तिसऱ्या प्रकारात लिथियम-आयन सेल असतो, तो काढता येणारा १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) असेल किंवा आतच बसवलेला आणि यूएसबीवर चार्ज होणारा असेल. चौथा प्रकार म्हणजे मागून दोन पिना बाहेर सरकवून थेट भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची टॉर्च. हिच्यात बहुधा ४ व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते आणि आकाराच्या मानाने ती जड लागते.

सावधान: १४५०० या नावाचा लिथियम सेल दिसायला आणि मापाने हुबेहूब डबल-ए सारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा असतो. दीड व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घातल्यास सर्किट जळू शकते. सेलवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय तो आत घालू नये.

सावधान: दोन पिनांच्या टॉर्चमध्ये मेनची वीज उतरवण्यासाठी बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे ती प्लगमध्ये असताना आतला प्रत्येक भाग २३० व्होल्टशी जोडलेला आहे असे समजावे. ती प्लगमध्ये असताना उघडू नये, आणि काढल्यावरही पिनांना लगेच बोट लावू नये.

टप्पा २: साहित्य जमवा

व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारा साधा डिजिटल मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. त्याशिवाय पेन्सिलचे खोडरबर, कान साफ करण्याच्या काड्या, पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, टोकदार पक्कड, चार-पाच सेंटिमीटर लांबीची जाडसर तांब्याची तार आणि एक वही लागेल. वही टाळू नये. आठवणीवर ठेवलेले व्होल्टेजचे आकडे पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडत नाहीत.

टप्पा ३: सेल घालण्यापूर्वी संपर्काच्या जागा साफ करा

हा टप्पा सर्वांत अधिक वेळा गाळला जातो आणि सर्वांत अधिक फरक यानेच पडतो. ऐरोली, कोपरी, वाशी किंवा घोडबंदरकडे खाडीची दमट, खारी हवा घरात येते. पावसाळ्याचे चार महिने टॉर्च दप्तरात किंवा स्कूटरच्या डिकीत पडून राहिली की स्प्रिंगवर आणि धातूच्या आट्यांवर मंद, अपारदर्शक थर धरतो. हा थर डोळ्यांना फारसा जाणवत नाही, परंतु कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या वस्तूत एवढासा अडथळाही सेलच्या शक्तीचा मोठा वाटा खातो.

क्रम असा ठेवावा. सर्व सेल काढून घ्यावेत. पांढरी किंवा हिरवट पावडर दिसत असेल तर ती आधी कोरड्या काडीने झटकावी, मात्र फुंकर मारू नये आणि हात डोळ्यांकडे नेऊ नयेत. अल्कलाइन सेलमधून झिरपलेला पदार्थ क्षारीय असतो, म्हणून तो व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या काडीने पुसावा. साध्या झिंक-कार्बन सेलचे गळणे आम्लधर्मी असते, त्यासाठी खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट योग्य ठरते. मग पाण्याचा हलका ओला बोळा, त्यानंतर अल्कोहोलची काडी, आणि पूर्ण वाळल्यावर संपर्काच्या प्रत्येक जागेवर खोडरबर फिरवावे. सँडपेपर शक्यतो वापरू नये, कारण स्प्रिंगवरचा पातळ मुलामा निघून गेला की ती अधिक वेगाने गंजते.

धातूच्या टॉर्चमध्ये आणखी दोन जागा विसरल्या जातात. पहिली जागा म्हणजे नळीची मागची कड. सेलच्या ऋण (सपाट) टोकापासून प्रवाह झाकणातल्या बटणातून नळीच्या धातूत जातो आणि तिथून पुढे दिव्याकडे, त्यामुळे ही उघडी कड आणि तिला टेकणारा झाकणातला भाग स्वच्छ असायलाच हवा. नळीवर रंगीत मुलामा असेल, तर त्यातून वीज जात नाही हेही लक्षात ठेवावे. दुसरी जागा म्हणजे झाकणाच्या आत बटणाला धरून ठेवणारी कडी. तिच्यात दोन छोट्या खाचा असतात. स्वस्त टॉर्चमध्ये ती वापरता वापरता सैल होते, आणि टॉर्च हलवली की उघडझाप होते. त्या खाचांत पक्कडीची टोके घालून कडी हलक्या हाताने घट्ट करावी.

तपासणी: सेल घालून झाकण काढून ठेवावे आणि तांब्याच्या तारेचे एक टोक सेलच्या ऋण टोकाला, दुसरे नळीच्या उघड्या कडेला टेकवावे. झाकणाने लागणाऱ्या प्रकाशापेक्षा तारेने लागलेला प्रकाश स्पष्टपणे अधिक असेल, तर दोष झाकणात आहे आणि सेल बदलून काहीही साध्य होणार नाही. दोन्हींत फरक दिसेनासा होईपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा ४: सेल निवडा

वेष्टनावर ठळक छापलेला "हेवी ड्यूटी" हा शब्द वाचून अनेक जण तो अधिक ताकदीचा सेल समजतात. वास्तविक हा शब्द झिंक-कार्बन किंवा झिंक-क्लोराइड सेलवर छापला जातो, आणि बाजारातील सर्वांत कमी क्षमतेचा प्रकार तोच आहे. खात्रीची खूण वेष्टनावरच्या बारीक संकेतांकात असते: जाड पेन्सिल सेलवर आर६ असेल तर तो झिंक-कार्बन, एलआर६ असेल तर अल्कलाइन आणि एचआर६ असेल तर पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. बारीक सेलवर हेच संकेतांक आर०३, एलआर०३ आणि एचआर०३ असे येतात.

क्षमतेचा ढोबळ अंदाज असा आहे. चांगला अल्कलाइन डबल-ए सेल कमी प्रवाहावर २००० ते २८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचे माप) देतो, चार्ज होणारा डबल-ए १९०० ते २५०० देतो, आणि झिंक-कार्बन त्यांच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचतो. बारीक ट्रिपल-ए मध्ये अल्कलाइन १००० ते १२०० आणि चार्ज होणारा ७५० ते ९०० च्या आसपास असतो. मात्र हे आकडे स्थिर नसतात. प्रवाह जितका जास्त ओढला जाईल तितकी अल्कलाइन सेलची हाती येणारी क्षमता कमी होत जाते, झिंक-कार्बनची तर फारच. चार्ज होणाऱ्या सेलमध्ये ही घट बरीच कमी असते. म्हणून एका डबल-ए सेलवर चालणाऱ्या प्रखर टॉर्चसाठी चार्ज होणारा सेल हाच योग्य पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या कपाटात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी मात्र अल्कलाइन बरा, कारण तो आपोआप फार हळू उतरतो.

तीन सेलच्या टॉर्चमध्ये तिन्ही सेल एकाच पाकिटातले, एकाच तारखेचे असावेत. रिमोटमधून काढलेला एक आणि नवे दोन अशी जोडणी केली, तर आधी संपलेल्या सेलमधून उरलेले दोन सेल प्रवाह ढकलत राहतात, त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे धन-ऋण टोकांची अदलाबदल होते, आणि तो फुटून गळतो. टप्पा ३ मधली पावडर पुष्कळदा अशीच आलेली असते.

काढता येणाऱ्या १८६५० सेलबाबत एकच नियम पुरे. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता सर्वसाधारणपणे ३५०० एमएएचच्या आसपास थांबते, म्हणून ज्यावर ६८०० किंवा ९९०० असा आकडा छापलेला आहे तो सेल खोटा समजावा. घरात लहान वजनकाटा असल्यास वजनही पाहावे, कारण खरा सेल साधारण ४४ ते ५० ग्रॅम भरतो.

टप्पा ५: विश्रांतीचे व्होल्टेज नोंदवा

चार्जिंग किंवा वापर झाल्यावर सेल किमान एक तास तसाच ठेवावा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर लावून प्रत्येक सेल वेगळा मोजावा. नवा अल्कलाइन सेल १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो आणि विश्रांतीतही १.२ च्या खाली गेलेला सेल टॉर्चच्या कामाचा राहिलेला नसतो. पूर्ण चार्ज लिथियम-आयन ४.२ व्होल्टच्या जवळ असतो. चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलबाबत मात्र व्होल्टेजवरून अंदाज बांधू नये, कारण तो जवळजवळ शेवटपर्यंत १.२ ते १.३ व्होल्टच दाखवत राहतो. त्याला मोजणीपूर्वी पूर्ण चार्ज करून घेणे हाच मार्ग आहे.

तपासणी: तीन सेलमध्ये एखादा सेल इतरांपेक्षा ०.१ व्होल्टने कमी असेल तर तो संच मोजणीसाठी वापरू नये.

टप्पा ६: टॉर्च किती प्रवाह ओढते ते मोजा

लाल प्रोब (मल्टीमीटरची टोकदार तार) मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या छिद्रात घालावा आणि कळही त्याच ठिकाणी फिरवावी. झाकण काढून एक प्रोब सेलच्या ऋण टोकाला आणि दुसरा नळीच्या स्वच्छ कडेला टेकवावा. टॉर्च लागेल आणि आकडा अँपिअरमध्ये दिसेल, म्हणजे ०.२० दिसल्यास २०० मिलिअँपिअर. मल्टीमीटरच्या तारांचाही थोडा रोध असतो, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जरा कमीच येतो. टॉर्चला प्रखर, मध्यम आणि मंद अशा पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरीचा प्रवाह वेगळा लिहावा.

सावधान: काम झाल्याबरोबर लाल प्रोब व्होल्टच्या छिद्रात परत घालावा. तो अँपिअरच्या छिद्रात राहिला आणि पुढच्या वेळी त्याच प्रोबने सेलचे व्होल्टेज मोजायला गेलात तर सेल थेट शॉर्ट होतो, आणि लिथियम सेलबाबत ही चूक आग लावू शकते.

आता सेलच्या क्षमतेला या प्रवाहाने भागावे. १००० एमएएचच्या तीन बारीक सेलवर टॉर्च २०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर कागदावर पाच तास येतात. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने क्षमता तिप्पट धरू नये, कारण तिप्पट होते ते व्होल्टेज, एमएएच नव्हे. ही चूक हिशेबात वारंवार आढळते.

एका डबल-ए सेलच्या टॉर्चचा हिशेब निराळा आहे. एलईडीला एक वॉट द्यायचा आणि सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के धरायची, तर १.२ व्होल्टच्या सेलमधून सुमारे १.०४ अँपिअर ओढावे लागतात, म्हणजे २००० एमएएचचा चांगला सेलही दोन तासांच्या आतच संपेल. शिवाय सेलचे व्होल्टेज उतरू लागले की तेवढीच शक्ती देण्यासाठी असे सर्किट अधिक प्रवाह ओढते. वेष्टनावर "१० तास" छापलेले असेल आणि तुमच्या मोजणीत प्रखर पायरीवर एक अँपिअर दिसत असेल, तर ते दहा तास फार तर मंद पायरीचे असतील.

टप्पा ७: प्रत्यक्ष चालवून वेळ मोजा

"सकाळपर्यंत लागलेली होती" हे वाक्य बॅटरीच्या आयुष्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. थेट जोडणीच्या टॉर्च कित्येक तास मिणमिणत राहतात, पण त्या मिणमिणाटात वीज गेलेल्या इमारतीचा जिनाही उतरता येत नाही, मग येऊरच्या पायवाटेचे तर सोडाच. डोळ्यांवरही विसंबू नये, कारण प्रकाश निम्म्यावर आला तरी डोळ्यांना तो थोडासाच कमी झाल्यासारखा वाटतो. टॉर्चसाठीच्या एफएल-१ या मानकात टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांनी असलेला प्रकाश आधार धरतात आणि तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजतात. घरी ही पद्धत पुढीलप्रमाणे वापरता येते.

खिडकी नसलेले किंवा रात्री पूर्ण अंधार होणारे न्हाणीघर निवडावे. टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवावी. फोनवर लक्स (प्रकाशाचे माप) मोजणारे ॲप घेऊन फोन टॉर्चपासून हातभर अंतरावर, पडदा छताकडे करून ठेवावा आणि टॉर्च व फोन या दोन्हींच्या जागा चिकटपट्टीने आखून घ्याव्यात. टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी पहिली नोंद करावी, त्यानंतर पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी आणि पुढे दर पंधरा मिनिटांनी. दार उघडताना बाहेरचा दिवा बंद असावा. ज्या फोनवर असे ॲप नीट चालत नाही, त्यात कॅमेरा हाताने ठरवलेल्या एकाच शटर आणि आयएसओवर ठेवून छताच्या त्याच भागाचे फोटो घेत जावेत. स्वयंचलित सेटिंगवर कॅमेरा प्रकाशातली घट भरून काढतो आणि फोटो निरुपयोगी ठरतात.

दोन क्षण वेगळे नोंदवावेत: प्रकाश निम्म्यावर आला तो क्षण आणि १० टक्क्यांवर आला तो क्षण. खरेदीची तुलना करताना दुसरा आकडा उपयोगी आहे. पण रोजच्या वापरासाठी मी पहिलाच आकडा त्या टॉर्चचे आयुष्य मानतो आणि सोबत सेल किती घ्यायचे ते त्यावरून ठरवावे, असे सुचवतो.

मोजणी मध्येच थांबवू नये. थकलेला सेल अर्धा तास बंद ठेवला की व्होल्टेज थोडे सावरते आणि टॉर्च पुन्हा उजळते, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी घेतलेला वेळ सलग वेळेपेक्षा जास्त येतो. दोन सेलची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा पंखा सारखाच, चालू किंवा बंद, असावा. टॉर्च किती तापते यावर प्रकाश अवलंबून असतो.

सावधान: लिथियमच्या टॉर्चजवळून या काळात दूर जाऊ नये आणि ती गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. काढता येणाऱ्या सेलमध्ये आत संरक्षण आहे याची खात्री नसेल तर प्रकाश स्पष्ट मंदावताच थांबून व्होल्टेज पाहावे आणि ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये.

टप्पा ८: चार्जिंगच्या चुका थांबवा

दोन पिनांच्या टॉर्चवरचा लाल दिवा बहुतेक वेळा एवढेच सांगतो की प्लगमध्ये वीज आहे. बॅटरी भरली की आपोआप थांबणारे सर्किट अशा टॉर्चमध्ये सहसा नसते, त्यामुळे ती दोन-दोन दिवस प्लगमध्ये विसरली तर बॅटरी आतून सुकते. याच्या उलट, वापरून रिकामी झालेली तशीच कपाटात ठेवली तर लेड-ॲसिडच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती बॅटरी पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून वापरल्यावर त्याच दिवशी, खोक्यावर दिलेले तास भरतील असा गजर लावून चार्ज करावी, आणि न वापरताही महिन्यातून एकदा चार्ज करावी. प्लगमध्ये असताना बटण चालू करू नये, त्याने एलईडी जळतात.

यूएसबीच्या टॉर्चबाबत एक लहान गोष्ट फार लोकांना चकवते. सी-प्रकारचे छिद्र असलेल्या अनेक स्वस्त टॉर्चमध्ये आवश्यक दोन रेझिस्टर बसवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना सी-पिन असलेल्या नव्या केबलने त्या चार्जच होत नाहीत आणि बॅटरी मेली असे वाटते. एका बाजूला जुनी रुंद यूएसबी पिन असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावून पाहावा. उन्हात उभ्या गाडीत किंवा डिकीत तापलेली टॉर्च थंड झाल्याशिवाय चार्ज करू नये. सेल फुगलेला दिसला तर चार्जिंग कायमचे थांबवावे.

टप्पा ९: साठवण

ज्या टॉर्चचे बटण खटका न वाजता हलकेच दाबले जाते, तिचे सर्किट बंद असतानाही थोडा प्रवाह घेत असते. मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावून तो टप्पा ६ प्रमाणेच मोजता येतो, मात्र या मोजणीत टॉर्च चालू करू नये, नाहीतर मल्टीमीटरचा फ्यूज उडेल. ०.१ मिलिअँपिअर असेल तर १००० एमएएचचा सेल रिकामा व्हायला वर्षाहून अधिक काळ लागेल, पण १ मिलिअँपिअर असेल तर सुमारे ४२ दिवसांत तो न वापरताच संपेल. अशा टॉर्चचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. तेवढ्याने प्रवाह तुटत नसेल तर सेल आणि संपर्क यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी घालावी. महिनाभराहून अधिक काळ न लागणाऱ्या टॉर्चमधून पेन्सिल सेल काढूनच ठेवावेत. काढलेला लिथियम सेल किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात कधीही ठेवू नये.

वाया गेलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ते वेगळे ठेवून संकलनासाठी देणे ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मगच ते द्यावेत.

टप्पा १०: पुन्हा मोजणी

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाला सुरुवात होण्यापूर्वी, टप्पा ३ ची सफाई आणि टप्पा ७ ची मोजणी पुन्हा करावी आणि वहीतल्या पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी. चार्ज होणाऱ्या सेलचा निम्म्या प्रकाशापर्यंतचा वेळ पहिल्या नोंदीच्या साठ टक्क्यांखाली आला असेल आणि तारेची तपासणी निर्दोष असेल, तर तो सेल बदलावा. तारेच्या तपासणीत फरक दिसला तर आधी झाकणाची कडी घट्ट करून, कड पुसून, त्याच सेलवर मोजणी पुन्हा घ्यावी.